पाहिजे आहे: जेमतेम जहाज चालवणारा माणूस

पुण्याला समुद्र नाही. अकोल्याहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा ही गोष्ट मला ठाऊक होती. पुणेकरांनाही ती ठाऊक आहे, पण त्यांना त्याचं विशेष काही वाटत नाही. समुद्र नसला म्हणून काय झालं, समुद्रानं कसं वागावं हे सांगणारी संस्था तर आमच्याकडे आहे, असा एकूण सूर. त्या संस्थेत मी माझी सगळी नोकरी काढली. अकोल्याला आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला यायचं ते, आणि तेही यायचं त्याच दिवशी. अशा गावची मुलगी आयुष्यभर लाटा मोजत बसेल असं माझ्या पत्रिकेत कुणी लिहिलं नव्हतं.

आमची संस्था शहराबाहेर, धरणाच्या पायथ्याशी. पत्र्याच्या मोठमोठ्या शेड, एकेका शेडमध्ये चार मंगल कार्यालयं सहज मावावीत. आत शिरलं की जमिनीवर एखादं आख्खं बंदर पसरलेलं दिसायचं. खाडी, किनारा, धक्के, समुद्राचा तळ, सगळं शंभरपट लहान करून. याला आम्ही मॉडेल म्हणायचो. कुणाला बंदर बांधायचं असेल, तर समुद्रात दगड टाकण्याआधी ते आमच्याकडे बांधून बघायचं. चुकलं तर हातोडा घ्यायचा आणि फोडून पुन्हा बांधायचं. खऱ्या समुद्रात ही सोय नाही.

समुद्राचा तळ आमच्याकडे गवंडी बांधायचे. लोणी काळभोरचे एक गवंडी होते, हात असा साफ की त्यांनी घोटलेल्या तळावर पंगत बसवावी. एकदा ते मोठ्या समाधानानं मला म्हणाले, "मॅडम, हितं तळाला एक टेंगूळ राहिलं हुतं, मारून टाकलं." ते टेंगूळ म्हणजे त्या बंदराच्या तोंडाशी असलेला पाण्याखालचा खडक. त्या खडकासाठी तर सगळं मॉडेल बांधलं होतं! टेंगूळ पुन्हा उठवताना गवंडीबुवांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते मी विसरलेले नाही. "चांगल्याचं वाईट करायला लावता," म्हणाले.

बाहेरच्या माणसाला सर्वांत अवघड जायचं ते आमचं घड्याळ. लांबी-रुंदी शंभरपट लहान केली की वेळ दहापट लहान होतो. पाण्याच्या लाटांचा नियमच तसा आहे, त्यात आमची काही लबाडी नाही. खऱ्या बंदरात तासाभरात जे घडतं ते शेडमध्ये सहा मिनिटांत. सकाळच्या चहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत समुद्राचा एक आख्खा दिवस भरती-ओहोटीसकट उरकायचा. माझे यजमान बँकेत होते, अस्सल पुण्याचे. त्यांना हे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "दिवस एवढा लवकर संपतो, तर घरी यायला उशीर का होतो?"

आणि बेडूक. पाणी धरणाचं, त्यामुळे बेडूक फुकट. दगडी बांधावर बसलेला बेडूक आमच्या मापानं दुमजली घराएवढा. कधी एखादी दिवड शिरायची. साप बिनविषारी, पण शंभर मीटर लांबीचा. तो बाहेर जाईपर्यंत जहाजांची ये-जा बंद. पाणी कुठून कुठे वाहतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून आम्ही कागदाच्या बारीक टिकल्या पसरायचो, आणि त्या टिकल्या यायच्या कार्यालयातल्या पंचिंग मशीनमधून. फायलींना भोकं पाडण्याच्या सरकारी कामाचा एवढा सदुपयोग देशात इतरत्र झाला नसेल. पाहुणेही एकेक यायचे. एकांनी पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे संशयानं बघत म्हणाले, "हे तर गोडं आहे."

या सगळ्यात बंदराच्या तोंडातून जहाज आत आणून दाखवणं हे काम बबनराव पोकळ्यांचं. संस्थेच्या शेजारच्याच गावचे. नोकरीला लागले पंपावर, पण एकदा रिमोटवर चालणारं जहाजाचं मॉडेल हातात आलं आणि पंप कायमचा सुटला. जहाज माणसापेक्षा लांब, आत लोखंडी वजनं, मागे पंखा आणि सुकाणू. बबनराव पाण्यावरच्या उंच लोखंडी पुलावर उभे राहायचे, रिमोट पोटाशी धरायचे आणि नुसत्या दोन अंगठ्यांनी जहाज असं आत आणायचे की पाण्यालाही पत्ता लागू नये. त्यांचं जहाज आजवर कधी भिंतीला लागलं नव्हतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना मुद्दाम बबनरावांचा प्रयोग दाखवायचो. बबनराव चेहरा अगदी कोरा ठेवायचे, पण टोपी सरळ करायचे. तेवढाच काय तो गर्व.

पुढे उदारीकरण आलं आणि आमची गिऱ्हाइकं बदलली. पूर्वी सरकारी बंदरांचे अधिकारी यायचे. ते फाइल ठेवून जायचे आणि पुढच्या वर्षी विचारायला यायचे, तेही लग्नकार्याला पुण्यात आले तर. आता खासगी कंपन्या बंदरं बांधायला निघाल्या. त्यांतल्या एका कंपनीनं कोकणात बंदर काढायचं ठरवलं आणि आमच्याकडे सौरभ नावाचा तरुण पाठवला. टाय, कमरेला मोबाइल, बोलणं दहापट वेगानं. आमच्या शेडला शोभणारं एवढं एकच गिऱ्हाईक मी पाहिलं. मुलगा मात्र गुणी होता. गवंड्यांनाही 'सर' म्हणायचा.

"मॅडम, टाइमलाइन खूप टाइट आहे. मॉडेलवर डबल माणसं लावली तर ओहोटी लवकर नाही का होणार?"

मी आमचे प्रमुख साने साहेब यांच्याकडे बघितलं. साने साहेब सदाशिव पेठेतले. ते शांतपणे म्हणाले, "चंद्राकडे अर्ज करून बघा. आमच्या हातात फक्त पंप आहेत."

कंपनीच्या बंदराला दोन ब्रेकवॉटर होते, म्हणजे समुद्रात टाकलेले दगडांचे दोन लांब बांध, आणि दोघांच्या टोकांमध्ये आत शिरायची फट. फट जेवढी अरुंद तेवढ्या लाटा आत कमी येतात, म्हणून आरेखन करणाऱ्यांनी ती बरीच अरुंद ठेवली होती. अडचण एकच. ओहोटीच्या वेळी शेजारच्या खाडीतलं पाणी त्या फटीच्या तोंडावरून आडवं जायचं. जहाज नेमकं आत शिरताना त्याला बाजूनं धक्का. आमच्या टिकल्या तिथे आल्या की एकदम काटकोनात वळायच्या.

बबनरावांनी जहाज आणलं. भरतीला आणलं, ओहोटीला आणलं, लाटा सोडून आणलं, वारा म्हणून मोठे पंखे लावून आणलं. दर वेळी आत. अहवालाचा मसुदा तयार झाला, फट योग्य आहे असा. सौरभनं काजूकतली वाटली.

अहवालावर सही व्हायच्या आधी बंदराचे पायलट कॅप्टन मयेकर आले. बंदराचा पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. प्रत्येक बंदराची वाट वेगळी असते, म्हणून बाहेरून आलेल्या जहाजावर त्या बंदराचा माहीतगार माणूस दोराच्या शिडीनं चढतो आणि जहाज आत आणतो. मयेकर आयुष्यभर हेच काम केलेले, मालवणचे, गोल पोटाचे आणि हसऱ्या डोळ्यांचे. या नव्या बंदराचे पायलट त्यांच्या हाताखाली राहणार होते. कंपनीनं त्यांना नुसतं बघायला पाठवलं होतं.

त्यांनी बबनरावांचा प्रयोग पाहिला. मनापासून टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, "ह्या वाटेनं ह्यांनी आजवर किती वेळा जहाज आणलं असेल?"

"शेकडो वेळा," सौरभ अभिमानानं म्हणाला.

"एकच जहाज?"

"हो."

"बरं. मी एकदा बघू?"

रिमोट त्यांच्या हातात दिला. पुढे जे झालं ते फार थोड्या वेळात झालं. जहाज उजवीकडे गेलं, कॅप्टन 'अरे अरे' म्हणाले, जहाज डावीकडे गेलं, आणि समोरच्या बांधावर चढून तिरकं उभं राहिलं. बांधावरचा बेडूक पाण्यात पडला. शेडमधले लोक छताकडे बघू लागले. सर्वांत मोठ्यानं हसले ते कॅप्टनच.

"सर, नो ऑफेन्स," सौरभ म्हणाला, "पण इथलं घड्याळ दहापट पळतं. तुम्हाला सवय नाही. त्यामुळे तुमचा क्रॅश काउंट होत नाही."

"कबूल," कॅप्टन म्हणाले. "मला जमलं नाही त्याचं कारण घड्याळ. आता ह्यांना जमतं त्याचं कारण सांगा."

मग ते स्वतःच पुलावर चढून बबनरावांच्या शेजारी उभे राहिले आणि खाली बघू लागले. "इथून सगळंच दिसतं की हो! दोन्ही बांध, जहाजाची शेपूट, आडवं येणारं पाणी. मला जहाजावर उभं राहून फक्त समोरचं दिसतं. आणि ह्यांना पाणी कुठे धक्का मारणार ते पाठ आहे. धक्का बसायच्या आधीच ह्यांचा अंगठा वळतो. मी बघत होतो."

साने साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आमचा दोष असा की आमचा माणूस फार चांगला आहे. सरकारी कार्यालयावर असा ठपका पहिल्यांदाच आला असेल."

सगळे हसले. कॅप्टन या वेळी हसले नाहीत. "साहेब, माझ्याकडे तीन पायलट असतील. त्यांतला एक नितीन, यंदाच लग्न झालंय पोराचं. मी त्याला शिकवलाय. चांगला आहे, पण बेताचा आहे. बहुतेक माणसं बेताचीच असतात. तुमचं जहाज भिंतीला लागलं तर तुम्ही हातानं उचलता आणि फडक्यानं पुसता. तो रात्रपाळी करून दमलेला असेल, जहाज अनोळखी असेल, आत तेल भरलेलं असेल आणि खाली पंचवीस माणसं झोपलेली असतील. तिथे कुणी उचलायला यायचं नाही."

तो नितीन मी पाहिलेला नव्हता, पण त्या दिवसापासून अहवालाचा तो मसुदा हातात धरवेना.

तर आता हवा होता एक बेताचा माणूस. हे ऐकायला सोपं वाटतं. बबनरावांना आधी विचारलं, जरा बेताचं चालवाल का? ते विचारात पडले. "वाईट चालवायचं म्हंजे कसं, साहेब? तसं कधी शिकलो न्हाई." तरी प्रयत्न केला. जहाज वाकडं न्यायला निघाले की अंगठा आपोआप सरळ करायचा. शिवाय मुद्दाम लावलेलं जहाज हीसुद्धा खोटी साक्षच झाली असती, हे त्यांनाही कळत होतं.

मग साने साहेबांनी कॅन्टीनमध्ये जाहीर केलं की ज्यांचं वाहन चालवणं जेमतेम आहे अशा एका गृहस्थांची किंवा बाईंची गरज आहे. आख्ख्या संस्थेत एकही निघाला नाही. लक्ष्मी रोडवर रोज स्कूटर घालणाऱ्या माणसांचं गाव हे. प्रत्येकजण स्वतःला उत्तम आणि बाकीच्यांना बेताचे समजतो. साहेबांनी हिशेब विभागातल्या एका सज्जनांकडे नुसतं पाहिलं, कारण त्यांच्या स्कूटरला एकही न चेपलेला भाग नव्हता. ते ताडकन उठले. "मला जेमतेम म्हणता? माझा परवाना पहिल्या फेरीत मिळालाय!" आणि दोन दिवस आमच्या विभागाची बिलं अडली.

शेवटी ते कसेबसे तयार झाले, तर सौरभ म्हणाला, "सर, अकाउंट्सच्या माणसानं क्रॅश केला म्हणून मी हेड ऑफिसला एन्ट्रन्स बदला सांगू? मला हाकलतील." त्याचंही खोटं नव्हतं. जो अडाणी त्याचं लागणं धरायचं नाही, आणि जो हुशार त्याचं न लागणं धरायचं नाही. मग धरायचं काय?

तोड कॅप्टनांनीच काढली. "माणूस हाच ठेवा. ह्यांचा हात कमी करता येत नाही, तर डोळे कमी करा." खऱ्या जहाजावर पायलट जिथे उभा राहतो ती जागा पाण्यापासून जेवढी उंच, तेवढी आमच्या मापात वीतभर भरायची. फळी टाकायची, तीवर माणसानं पालथं झोपायचं, पुढे पडदा, पडद्याला वीतभर उंचीवर फट. बबनरावांना जे दिसेल ते त्या फटीतून. आणि पाणी भरतीचं आहे की ओहोटीचं, हे त्यांना सांगायचं नाही. पंपाच्या झडपा मी सोडायच्या.

बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पोट बिघडलं असा निरोप आला. तिसऱ्या दिवशीही पोट सुधारलं नाही. मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते आणि पोट ठणठणीत दिसत होतं. वहिनींनी मला पाट दिला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "दोन दिस झालं, शेंगांवर राग काडत्यात."

"मॅडम," बबनराव वर न बघता म्हणाले, "गावात मला जहाजवाले पोकळे म्हंत्यात. हितं समुद्र न्हाई का काय न्हाई, तरी म्हंत्यात. आजवर माझं जहाज लागलं न्हाई. आता रिटायर व्हायच्या टायमाला समद्यांम्होरं पालथं पडून लावू?"

मला गोड बोलून माणूस वळवता येत नाही. वऱ्हाडातली आहे, जे असेल ते समोर ठेवते. "बबनराव, लागेलच असं नाही. पण लागणार असेल, तर ते आपल्याकडे लागू द्या. तो नितीन जहाजावर असेल तेव्हा त्याला वर पूल नसणार."

ते शेंगा निवडत राहिले. निघताना ओंजळभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या आणि म्हणाले, "त्याला म्हनावं, जहाज हातानं चालवू नको, डोळ्यानं चालव." मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी ते आले. टोपी काढून खुंटीला अडकवली, रिमोट घेतला आणि फळीवर पालथे झाले. शेडमध्ये सौरभ, साने साहेब, कॅप्टन, गवंडी, आणि काही कारण नसताना हिशेब विभागातले सज्जनही हजर. मी आधी स्थिर पाणी दिलं. जहाज बाहेरून वळलं, सरळ झालं, आत आलं. मग भरती दिली. आत आलं. सौरभ माझ्याकडे बघून हसला. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं की हा माणूस डोळे बांधले तरी आणेल, आणि त्याचा आनंद झाला आणि भीतीही वाटली.

मग मी ओहोटी सोडली. जहाज फटीकडे आलं. मी वरून बघत होते, मला सगळं दिसत होतं. आडवं पाणी निघालं. पुलावरून चालवताना बबनरावांचा अंगठा जिथे वळायचा, ती जागा आली आणि गेली. जहाज तसंच सरळ. मग शेपूट हळूच बाजूला सरकली. बबनरावांना ते कळलं, सुकाणू पूर्ण वळलं, पण जहाजाला वळायला वेळ लागतो. मागची बाजू बांधाच्या टोकाला लागली. आवाज काही मोठा झाला नाही, लाकडी पाटावर वाटी ठेवावी एवढाच. पण तो शेडमधल्या प्रत्येकाला ऐकू आला.

बबनराव फळीवरून उठले नाहीत. मग पडद्यामागून त्यांचा आवाज आला. "लागलं. लिवून घ्या, मॅडम." आणि थोड्या वेळानं, "पुन्यांदा सोडा."

पुन्हा सोडलं. मध्ये भरती घातली, स्थिर पाणी घातलं, त्यांना काही न सांगता पुन्हा ओहोटी. ओहोटीला कधी निसटलं, कधी लागलं. दुपारपर्यंत हेच चाललं. दर वेळी ते आतून 'लागलं' म्हणायचे, मी म्हणायच्या आधी. उठले तेव्हा छातीवर फळीचे वळ उठले होते.

सौरभ त्यांच्याजवळ गेला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पण सर, आधी तर तुम्ही दर वेळी आणत होता."

"आधी मी वरून बघत हुतो ना," बबनराव म्हणाले. "देवावानी. देवाला काय, कुनाच्याबी दारातनं जाता येतं."

सौरभ बाहेर गेला आणि झाडाखाली उभं राहून हेड ऑफिसशी बराच वेळ बोलला. आम्हाला ऐकू येत नव्हतं, फक्त त्याचा टाय सैल होताना दिसत होता. परत आला आणि म्हणाला, "रुंद करून बघा म्हणालेत. मी सांगितलं, मी स्वतः आवाज ऐकला." त्या पोराला मी तेव्हा मनातून काजूकतली भरवली.

एका बांधाचं टोक फोडायचं होतं. हातोडा घ्यायला गवंडी पुढे झाले तर बबनरावांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः पाण्यात उतरले. टोक फोडलं, मागे घेतलं, थोडं वाकवलं, म्हणजे आडवं पाणी फटीपासून दूर फेकलं जाईल. आरेखन कंपनीचं, पण किती वाकवायचं ते ठरवायला आम्हाला बरेच दिवस लागले. लाटा आत फार येऊ लागल्या की पुन्हा बांधायचं, पाणी ओढू लागलं की पुन्हा फोडायचं. मधल्या काळात कॅप्टन पुण्यातच राहिले, मंडईतून रोज नवी भाजी घेऊन यायचे आणि बबनरावांकडून जहाज शिकायचे. दहापट घड्याळाची त्यांना सवय होईपर्यंत आमचे सगळे बेडूक पळाले.

शेवटची रचना उभी राहिली. फळीवर झोपून बबनरावांनी ओहोटीत जहाज आणलं. आत. पुन्हा आत. मग कॅप्टन पालथे झाले. त्यांच्या पोटामुळे फट वीतभर वर करावी लागली, ते आमच्या मापानं मोठंच जहाज झालं. तेही आत आले. हिशेब विभागातल्या सज्जनांनी दोनदा घसा खाकरला, म्हणून त्यांना रिमोट दिला. त्यांनी जहाज भयंकर वेडंवाकडं आणलं, पण आणलं, आणि म्हणाले, "बघा. जेमतेम म्हणत होता मला." सौरभनंही टाय खांद्यावर टाकून जहाज आणलं आणि लहान मुलासारख्या उड्या मारल्या.

बबनराव हात मागे बांधून उभे होते. "मॅडम," ते म्हणाले, "आता कुनालाबी जमतंय."

"हो," मी म्हटलं.

"म्हंजे बंदर चांगलं झालं म्हनायचं."

ते हसले, पण मला त्यांच्याकडे फार वेळ बघवलं नाही. ज्या कामात तुमच्यासारखा दुसरा कुणी नाही, ते काम कुणालाही जमेल असं करून ठेवायचं, ही आमच्या धंद्याची रीत. अहवाल गेल्यावर ते मॉडेलही फोडलं, कारण शेड पुढच्या बंदराला हवी होती. हीसुद्धा रीतच.

काही वर्षांनी बंदर सुरू झालं. बबनराव निवृत्त झाले होते, मीही होत आले होते. आमच्या विभागात तोवर संगणकाच्या पडद्यावर जहाजं फिरू लागली होती आणि ती चालवणारी मुलं कान झाकून गाणी ऐकायची. कॅप्टन मयेकरांनी हट्टानं बोलावलं म्हणून मी आणि माझे यजमान, बबनराव आणि वहिनी असे चौघं कोकणात गेलो. बबनराव खऱ्या बंदरावर पहिल्यांदाच येत होते. बांधावर उभं राहून त्यांनी आधी दगडाला हात लावून बघितला, मग कधीतरी जिथे स्वतः हातोडा मारला होता त्या टोकापर्यंत चालत गेले. "लई मोठं झालं की हो," म्हणाले.

तेवढ्यात लांब समुद्रात जहाज दिसलं. कॅप्टन म्हणाले, "नितीन आणतोय. ओहोटी आहे."

ते जहाज येता येईना. आमच्या शेडमध्ये एवढ्यात तीन वेळा आत-बाहेर झालं असतं. बबनरावांचे दोन्ही अंगठे हवेत हलत होते, हे वहिनींनी मला खुणेनं दाखवलं. जहाज फटीकडे आलं. आडवं पाणी बांधाच्या टोकाला वळसा घालून लांबून निघून गेलं. बबनरावांनी श्वास धरला, मीही धरला. शेपूट किंचित हलली, पुन्हा सरळ झाली. आणि ते केवढं तरी मोठं जहाज आमच्या समोरून सावकाश आत गेलं. डेकवर एक खलाशी कपडे वाळत घालत होता. त्यानं वरसुद्धा बघितलं नाही.

"झालं?" माझ्या यजमानांनी विचारलं. "एवढंच?"

मी रडत होते आणि ते लपवायची गरज मला वाटली नाही.

तासाभरानं नितीन धक्क्यावर आला. सडपातळ, उन्हानं काळवंडलेला, हातात डबा. कॅप्टनांनी ओळख करून दिली, हे पुण्याचे पोकळे. त्याला नावावरून काही उमगलं नाही, पण वाकून नमस्कार केला.

बबनरावांनी विचारलं, "जहाज आनताना कसं वाटलं?"

"कसं म्हणजे?" तो जरा गोंधळला. "नेहमीसारखं. सोपी आहे हो काका ही वाट. काही विशेष नाही."

कॅप्टन सगळी हकीकत सांगायला पुढे झाले, तर बबनरावांनी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग नितीनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सोपीच हाय," ते म्हणाले, आणि त्याचा हात काही सोडेनात. तो बिचारा कॅप्टनकडे बघत, डबा दुसऱ्या हातात धरून, तसाच उभा राहिला.